विस्मृतीच्या उंबरठ्यावर



१९०१ सालच्या नोव्हेंबर महिन्यांत जर्मनींतील फ्रँकफुर्ट शहरीं एका रेल्वे कारकुनाची ५१ वर्षांची पत्नी वेड्यांच्या इस्पितळांत दाखल झाली. तिचें नांव ऑगस्टे डेटर. ही गृहिणी स्वयंपाकांत चुकूं लागली होती आणि पतीविषयीं तिच्या मनांत निष्कारण संशय शिरला होता. डॉ. आलॉइस अल्झायमर यांनीं तिला नांव लिहावयास सांगितलें, तें तिला पुरें करतां येईना. आपण स्वतःसच हरवून बसलों, अशा अर्थाचे तिचे उद्गार त्यांनीं टिपून ठेविले.

१९०६ सालीं ती निवर्तली. तिच्या मेंदूची सूक्ष्मदर्शकाखालीं तपासणी करून अल्झायमर यांनीं त्याच वर्षीं ट्यूबिंगेन येथें आपला शोध मांडला, आणि १९१० सालीं क्रेपेलिन यांनीं आपल्या ग्रंथांत त्या रोगास अल्झायमर यांचेंच नांव दिलें. शास्त्रानें मोठी मजल मारली खरी. पण त्या कारकुनास या इतिहासांत जागा मिळाली, ती केवळ रोग्याची हकीकत सांगणारा म्हणून. त्याचे स्वतःचे दिवस कसे गेले असतील?

हा प्रश्न शास्त्रानें विचारण्यास बराच काळ जावा लागला. १९७५ सालीं अमेरिकेंत ३० गुणांची एक सुटसुटीत परीक्षा तयार झाली. तिनें रोग्याची स्मृति व आकलन मोजतां येऊं लागलें. पुढें १९८० सालीं स्टीव्हन झारिट व त्यांच्या सहकाऱ्यांनीं स्मृतिभ्रंशाच्या २९ रोग्यांची शुश्रूषा करणाऱ्या आप्तांकडे मोर्चा वळविला. त्यांस आढळलें तें विचार करण्याजोगें आहे. आप्तांना वाटणारा भार रोग्याच्या विक्षिप्त वागण्यावर अवलंबून नव्हता. मुलें, नातवंडें, भावंडें जेथें वरचेवर भेटावयास येत, तेथें तो हलका होता!

२००० सालीं लंडनच्या कँबरवेल या भागाचें नांव धारण करणारी, वृद्धांच्या गरजांची एक पद्धति प्रसिद्ध झाली. तींत अन्न, स्मृति, दृष्टि, पैसा, सोबत अशा २४ बाबी रोग्यासाठीं, आणि माहिती व मनस्ताप या दोन बाबी शुश्रूषा करणाऱ्यासाठीं आहेत. गरज आहे काय, असल्यास ती भागते काय, हें रोग्यास, आप्तास व सेवकवर्गास वेगवेगळें विचारलें जातें, कारण तिघांचीं उत्तरें नेहमीं जुळतातच असें नाहीं.

रोगाच्या आरंभीं तर या विचारण्याचें मोल फारच आहे. त्या वेळीं माणूस आपली इच्छा स्वतःच्या मुखानें सांगूं शकतो. पुढें ती इतरांस तर्कानें ओळखावी लागते. आपल्या घरांतून मात्र ‘वय झालें, विसरायचेंच’ असें म्हणून नेमका हाच काळ दवडला जातो, आणि रात्रंदिवस उशाशीं बसणारी सून वा पत्नी हिला तर कोणी विचारीतच नाहीं.

रोग बरा करण्याचा उपाय अद्याप हातीं आलेला नाहीं. परंतु आजोबांस काय हवें हें आजच विचारणें, आणि त्यांच्यापाशीं बसणारीस तासभर मोकळीक देणें, यासाठीं कोणत्याही शोधाची वाट पाहावी लागत नाहीं.