मोटारीची हरवलेली ठिणगी

मोटार अडून बसली कीं पेट्रोल संपलें असावें, असा पहिला तर्क बहुधा निघतो. जाणता कारागीर मात्र टाकी पाहून थांबत नाहीं. प्लगवर ठिणगी पडते कीं नाहीं, हेंही तो पाहतो. ह्या साध्या परीक्षेमागें दीडशें वर्षांहून अधिक काळाचा इतिहास आहे.

पेट्रोलची वाफ व हवा ह्यांचें मिश्रण सिलिंडरांत दाबलें, तरी तें नेमक्या क्षणीं पेटवावें लागतें. एतियेन लनोआर ह्यानें १८६० सालीं पॅरिस येथें आपल्या गॅसच्या एंजिनांत बॅटरी व तारेचें वेटोळें ह्यांच्या साह्यानें विजेची ठिणगी पाडली. परंतु त्या काळची बॅटरी भरंवशाची नव्हती. म्हणून जर्मनींत गोटलीप डाइमलर ह्यानें वीज टाळून, बाहेरच्या ज्योतीनें लाल तापविलेली नळी वापरली. ही युक्ति सोपी खरी. पण पेट्रोलच्या शेजारीं उघडी ज्योत नांदावी, हा धोका लहान नव्हता. शिवाय पेट घेण्याचा क्षण हवा तसा मागेंपुढें करतां येत नसे.

कार्ल बेन्झ ह्यानें विजेचीच कास धरली. त्याच्या तीनचाकी गाडीचें पेटंट १८८६ चें. पण गिऱ्हाइकें येईनात. तेव्हां ऑगस्ट १८८८ मध्यें त्याची पत्नी बेर्टा हिनें पतीस न सांगतां, दोन मुलांना घेऊन, मानहाइमहून फोर्ट्सहाइमपर्यंत सुमारें शंभर किलोमीटरांचा प्रवास केला. वाटेंत इंधनाची नळी तुंबली, ती तिनें टोपीच्या टाचणीनें मोकळी केली; आणि ठिणगीची तार उघडी पडली, तिच्यावर मोज्याचा बंद गुंडाळला, असें सांगतात. इंधन व ठिणगी हीं एंजिनाचीं दोन मर्में त्या एकाच प्रवासांत उघडीं पडलीं. गाडी मुक्कामाला पोहोंचली, आणि मोटारीवर दूरचा पल्ला गांठतां येतो हें जगाला दिसलें.

बॅटरीची कटकट मिटविण्याचें काम रोबर्ट बॉश ह्याच्या श्टुटगार्ट येथील कारखान्यानें हातीं घेतलें. लोहचुंबक व फिरतें वेटोळें ह्यांच्या योगानें एंजिन स्वतःच वीज उत्पन्न करी. ह्या साधनास मॅग्नेटो म्हणतात. १८९७ सालीं बॉशनें तो एका तीनचाकी मोटारीस बसविला. १९०२ सालीं त्याचा सहकारी गोटलोप होनोल्ट ह्यानें उच्च दाबाचा मॅग्नेटो व त्यास जुळणारा प्लग सिद्ध केला. फोर्डच्या १९०८ च्या ‘मॉडेल टी’ गाडींत मॅग्नेटोच्या जोडीला चार सिलिंडरांचीं चार गुणगुणणारीं वेटोळीं असत. चालत्या एंजिनांत एकेकाची कंपणारी पट्टी बोटानें दाबून धरावी. जी दाबल्यानें एंजिनाच्या चालींत फरक पडत नसे, तेथेंच दोष समजावा.

पुढें चार्ल्स केटरिंग ह्यानें १९१० च्या सुमारास कॅडिलॅकसाठीं बॅटरीची पद्धति पुन्हां पुढें आणली, आणि १९१२ च्या गाड्यांत विजेचा स्टार्टर आल्यावर ती बॅटरी चालतां चालतां भरली जाऊं लागली. ह्या पद्धतींत पॉइंट उघडतांच वेटोळ्यांतील प्रवाह एकदम तुटतो व त्या धक्क्यानें हजारों व्होल्टांची वीज प्लगच्या फटींतून उडी घेते. अर्थात् पॉइंट जळले, कंडेन्सर बिघडला, किंवा पावसाळ्यांत तारांना ओल आली, कीं उडी चुकते.

प्रत्येक शोधानें जुना दोष काढला आणि नवा आणला. शोधण्याची रीत मात्र एकच राहिली: बॅटरीपासून निघावें, प्रवाहाच्या वाटेनें प्लगपर्यंत जावें, आणि वाट कोठें तुटते तें पाहावें. १९७० नंतर पॉइंटांची जागा हळूहळू इलेक्ट्रॉनिक साधनांनीं घेतली, व आतां संगणकच दोषाचा अंक सांगतो. परंतु त्या अंकानें दोष कोठें शोधावा एवढेंच कळतें. सुटलेली तार जोडावयास आजही कारागिराचाच हात लागतो.