पोकळीची विद्या

भांड्यांचा इतिहास सांगू लागले की अभ्यासकांची दृष्टी प्रथम मातीकडे आणि मग धातूकडे वळते. त्यात त्यांचा दोष नाही. खापर हजारो वर्षे जमिनीत टिकते, तांबे गंजले तरी ओळखू येते. लाकूड मात्र कुजते, नाहीतर चुलीत जाते. आपल्याकडे ज्या काथवटीत पिढ्यान् पिढ्या भाकरीचे पीठ मळले गेले, तिचा पुरावा कोणत्या उत्खननात मिळावा? परंतु जेथे निसर्गाने लाकूड जपून ठेवले तेथे निराळे चित्र दिसते. इंग्लंडच्या आठव्या हेन्री राजाचे ‘मेरी रोझ’ हे लढाऊ जहाज १५४५ साली बुडाले आणि १९८२ साली गाळातून वर काढण्यात आले. त्या जहाजावर खलाशांची लाकडी ताटे आणि वाडगे मोठ्या संख्येने सापडले. सामान्य माणूस शतकानुशतके लाकडात जेवत होता, याची ती साक्ष होय.

हे वाडगे करणारा तो कातारी. त्याचा चरक, म्हणजे आजच्या भाषेत लेथ, अगदी साधा असे. वर एक लवचिक काठी, खाली पायपट्टी, आणि दोहोंना जोडणारी दोरी चरकाच्या दांड्याला वेढे देऊन नेलेली. पाय दाबला की लाकूड पुढे फिरे, पाय उचलला की काठी दोरी ओढून घेई आणि लाकूड उलटे फिरे. हत्यार चालवायचे ते पुढच्या फेऱ्यातच. या चरकावर काम करणारा इंग्लंडातील परंपरागत कातारांपैकी अखेरचा समजला जातो तो जॉर्ज लेली. बर्कशायरमधील बकलबरीच्या माळावर त्याची झोपडीवजा कार्यशाळा होती. एल्म वृक्षाच्या एकाच ठोकळ्यातून तो एकात एक बसणारे अनेक वाडगे काढी. त्यासाठी टोकाशी आकड्यासारखी वळलेली हत्यारे लागत. सरळ पटाशी लाकडाच्या पोटात वळणार कशी?

लेली १९५८ साली, नव्वदीच्या उंबरठ्यावर असताना वारला. त्याची जागा घेणारा शिष्य कोणी नव्हता. चिनी मातीच्या आणि मुलामा दिलेल्या स्वस्त भांड्यांपुढे लाकडी वाडग्याला गिऱ्हाईक उरले नव्हते, तेव्हा कोणता तरुण त्या झोपडीची पायरी चढणार? त्याचा चरक व हत्यारे रेडिंगच्या ग्रामजीवन-संग्रहालयात गेली. वस्तू वाचल्या; परंतु आकडी कोणत्या कोनात धरावी, तिला धार कशी लावावी, लाकडाचा आवाज बदलला की हात कसा आवरावा, हे कोणत्या कपाटात ठेवणार? ते त्या म्हाताऱ्याबरोबर गेले.

ही एक बाजू झाली. दुसरी बाजू पाहण्यासाठी आम्ही श्रोत्यांना अमेरिकेत नेऊ इच्छितो. जेम्स प्रेस्टिनी हा येल विद्यापीठात शिकलेला यंत्र-अभियंता. १९३० नंतरच्या दोन दशकांत त्याने इतके पातळ आणि रेखीव वाडगे कातले की न्यूयॉर्कच्या आधुनिक कलासंग्रहालयाने ते आपल्या संग्रहात घेतले. दुसरा बॉब स्टॉक्सडेल, इंडियाना राज्यातील शेतकऱ्याचा मुलगा. दुसऱ्या महायुद्धात शस्त्र धरण्यास त्याने विवेकबुद्धीने नकार दिला, म्हणून त्याला सरकारी छावणीत काम करावे लागले. वाडगे कातण्यास त्याने तेथे आरंभ केला. या मंडळींच्या मागे कातारांचे घराणे नव्हते. भांडे विकून पोट भरण्याच्या जुन्या चाकोरीतून ते आले नव्हते. त्यामुळे भांड्याकडे निव्वळ घाट म्हणून पाहण्यास ते मोकळे होते.

पुढच्या पिढीने हा मोकळेपणा आणखी ताणला. मेल्विन लिंडक्विस्ट आणि त्याचा मुलगा मार्क यांनी बुरशीने काळ्या रेघा उमटलेले, सरपणात जमा होणारे लाकूड उचलले आणि त्यातून शिल्पे म्हणावीत अशी पात्रे घडविली. डेव्हिड एल्सवर्थ याने १९७० नंतरच्या दशकात अरुंद तोंडाचे पोकळ पात्र कातण्याची रीत बसविली. ओल्या ओंडक्याला बाहेरून घाट द्यावयाचा, वरून खोलीपुरते भोक पाडावयाचे, आणि त्या भोकातून वाकडे हत्यार घालून आतले लाकूड पोखरावयाचे. आत काय चालले आहे ते डोळ्यांना दिसत नाही. भिंत पातळ होत जाते तसा कातण्याचा आवाज बदलतो. कान आणि मनगट हेच येथे डोळे. भिंत सर्वत्र सारखी राहिली तर ओले लाकूड सुकताना थोडे वाकडे होते, पण बहुधा तडकत नाही. एके ठिकाणी जाड आणि दुसरीकडे पातळ राहिली तर चीर ठरलेलीच.

एल्सवर्थने ही रीत गुपित ठेवली नाही. १९७९ साली त्याने ती नियतकालिकात लिहून प्रसिद्ध केली, आणि पुढे शिष्यांना आपल्या कार्यशाळेत शेजारी उभे करून शिकविली. फिलाडेल्फियाजवळच्या न्यूटाउन येथील एका शाळेत अल्बर्ट लेकॉफ, त्याचा भाऊ ॲलन व पामर शार्पलेस यांनी १९७६ पासून कातकामाची शिबिरे भरविली. तेथे व्याख्यान कमी आणि चरक फार. शिकविणारा कातून दाखवी, शिकणारा लगेच हत्यार हाती घेई. १९८५ साली टेनेसी राज्यातील ॲरोमाँट कलाशाळेत मोठी परिषद भरली, आणि तिच्यातून १९८६ साली अमेरिकन कातारांचा संघ जन्मास आला. एल्सवर्थ त्याचा पहिला अध्यक्ष. ज्या देशात या कलेला धड घराणे नव्हते तेथे एका पिढीत हजारो शिष्य उभे राहिले.

कोणी विचारील, ज्यात पाणी राहत नाही, पीठ मळता येत नाही, त्याला भांडे तरी कशाला म्हणावे? प्रश्न रास्त आहे. लेलीच्या वाडग्यात माणसे जेवत. या पात्रांना दिवाणखान्यातील फडताळ मिळाले. काही गमावले आहे, हे आम्हांस मान्य आहे. परंतु कारखान्याने उपयोग हिरावून घेतल्यावर कातारापुढे दोनच वाटा होत्या: धंदा मिटवावा, नाहीतर हाताच्या कौशल्याला नवे निमित्त शोधावे. शिल्प हे ते निमित्त ठरले, आणि त्याच्या आधाराने मूळ विद्या जिवंत राहिली.

ती विद्या पुन्हा ताटाकडेही परतली. १९९० नंतरच्या दशकात रॉबिन वुड या इंग्रज तरुणाने रेडिंगच्या संग्रहालयातील लेलीचा चरक न्याहाळला, तसा आपला चरक उभारला, आकड्या स्वतः घडविल्या आणि हात पुन्हा बसविला. गुरू नव्हता म्हणून हे सारे त्याला चाचपडत शोधावे लागले. लेलीजवळ चार दिवस बसून जे मिळाले असते, त्यासाठी त्याला फार मोठी किंमत मोजावी लागली. पुढे त्याने ते इतरांना शिकविले, म्हणून ती साखळी पुन्हा जुळली.

आमच्या सावंतवाडीचा अनुभव याला पुष्टी देतो. तेथील चिताऱ्यांचे लाकडावरचे लाखकाम आणि गंजिफा या कला विसाव्या शतकाच्या मध्यानंतर क्षीण झाल्या होत्या. जाणते कारागीर मोजकेच उरले असता शिवरामराजे भोसले आणि राणी सत्त्वशीलादेवी यांनी ती विद्या शिकण्यात स्वतः लक्ष घातले, आणि राजवाड्यातच कारागीर बसवून तिला आसरा दिला. संग्रहालयात एखादी जुनी काथवट ठेवणे हे चांगले काम आहे. पण ज्या गावात ती पोखरून काढणारा एखादा म्हातारा आज हयात असेल, त्या गावच्या मंडळींनी प्रथम त्याच्या शेजारी एक पाट मांडावा, आणि त्यावर एक पोर बसवावे.