साखरेचा आकडा कोणाच्या हाती?

शाळेच्या प्रयोगशाळेतील बेनेडिक्टचे निळे द्रावण आपल्या परिचयाचे आहे. एकेकाळी मधुमेही माणसे घरीच पाच मिलिलिटर द्रावणात आठ थेंब लघवी घालून उकळत. रंग निळाच राहिला तर साखर नाही. हिरवा, पिवळा, नारिंगी, विटकरी असा बदलत गेला तर ती अधिकाधिक. रोग्याने स्वतः केलेला हा एक प्रयोगच होता.

पण त्यात एक उणीव होती. रक्तातील साखर १०० मिलिलिटरमागे साधारण १८० मिलिग्रॅमच्या वर गेली की मगच ती लघवीत उतरते. उतारवयात ही मर्यादा बहुधा आणखी वर सरकते. त्यामुळे आजोबांची परीक्षानळी निळी, पण रक्तात साखर वाढलेली, असे घडू शके. साखर फार कमी झाली, तर तेही या परीक्षेत कळत नसे.

१९६५ मध्ये रक्ताच्या थेंबाने रंग बदलणारी पट्टी आली आणि १९७० च्या सुमारास तो रंग मोजणारे यंत्र. ते मात्र डॉक्टरांनाच मिळे. रिचर्ड बर्नस्टीन या मधुमेही अमेरिकन इंजिनिअरने ते आपल्या डॉक्टर पत्नीच्या नावाने मागवले. दिवसातून अनेकदा साखर मोजून ते आहार व इन्शुलिनचा मेळ घालू लागले. त्यांचा लेख वैद्यकीय नियतकालिकांनी नाकारला, तेव्हा पंचेचाळिसाव्या वर्षी ते स्वतःच वैद्यकीय महाविद्यालयात दाखल झाले.

पुढे १९९३ मध्ये अमेरिका व कॅनडातील १४४१ रुग्णांवरील चाचणीने दाखवले, की साखर काटेकोर राखल्यास डोळे, मूत्रपिंडे व मज्जातंतूंची हानी बरीच कमी होते. मात्र ते रुग्ण १३ ते ३९ वर्षांचे होते. वृद्धांमध्ये अतिकाटेकोरपणाने साखर एकदम उतरून तोल जाण्याचा, पडण्याचा धोका असतो. म्हणजे एकाच आकड्याचा अर्थ माणसागणिक बदलतो.

आज यंत्र औषधाच्या दुकानात मिळते. दंडावर चिकटवलेला संवेदक मोबाइलवर आकडे पाठवतो. यंत्र हाती आले. अर्थ आला का? आकडा जेवणाआधीचा की नंतरचा, हे आजीला ठाऊक नसेल, तर तो रंग न वाचता येणाऱ्या परीक्षानळीसारखाच.

येथे आपले विद्यार्थी उपयोगी पडू शकतात. त्यांनी आजीशेजारी बसून आकडा, वेळ व जेवण वहीत लिहावे. आकडा ७० च्या खाली गेला तर लगेच साखर द्यावी, आणि औषधाची मात्रा डॉक्टरांना विचारल्याशिवाय बदलू नये, एवढे दोघांनी मिळून शिकावे. बर्नस्टीन यांनी केले ते हेच: मोजले, लिहिले आणि अर्थ लावला.