घोड्याला दम लागतोय आणि वजनही वाढलंय? मग चारा कसा द्यायचा?

ठाणे, कल्याण, डोंबिवलीत तुळशीच्या लग्नानंतर वराती सुरू होतात. बँजो वाजतो, फटाके फुटतात आणि सजवलेली घोडी गर्दीतून चालू लागते. पण थोडं चालल्यावरच ती धापा टाकत असेल, खोकत असेल, तर याचं मूळ बऱ्याचदा पावसाळ्यात खाल्लेल्या चाऱ्यात असतं.

पावसाळ्यात नेमकं काय होतं?

चातुर्मासात लग्नं जवळपास थांबतात. घोडी महिनोन्महिने तबेल्यात बांधून असते, पण हरभरा, कोंडा आणि गुळाची चंदी मात्र चालूच राहते. त्यामुळे वजन वाढतं.

मुरबाड, शहापूर, वाडा भागातलं गवत पावसाळा संपल्यावर कापलं जातं. म्हणजे जुलै-ऑगस्टमध्ये घोडी खाते ते आदल्या हंगामातलं, साठवलेलं गवत. कोकणपट्टीच्या दमट हवेत त्याला बुरशी लागते. गठ्ठा सोडला की धूळ आणि बुरशीचे कण उडतात आणि थेट फुप्फुसात जातात.

यातून घोड्यांना दमा होतो. दम लागतो म्हणून हालचाल कमी होते, त्यामुळे वजन आणखी वाढतं आणि वाढलेल्या वजनाने श्वास आणखी जड होतो.

दमा कसा ओळखायचा?

निरोगी घोडा विश्रांतीत मिनिटाला साधारण 8 ते 16 वेळा श्वास घेतो. आकडा सतत यापेक्षा जास्त असेल, खाताना खोकला येत असेल, नाकपुड्या फुगत असतील, श्वास सोडताना पोटाला जोर लावावा लागत असेल, तर डॉक्टरांना दाखवा. ताप, नाकातून घट्ट पू किंवा अंगावर गाठी दिसल्या तर जनावर लगेच वेगळं बांधा. हा संसर्गजन्य आजार असू शकतो. त्यातला ग्लँडर्स माणसालाही होतो.

चारा बंद करायचा का?

नाही. घोड्याच्या पोटात आम्ल सतत तयार होत असतं. तासन् तास उपाशी ठेवल्यास अल्सर आणि पोटदुखी होऊ शकते. लठ्ठ तट्टू एकदम उपाशी राहिलं, तर शरीरातली चरबी रक्तात उतरते आणि ते जिवावर बेतू शकतं.

आधी कमी करायची ती चंदी. काम नसलेल्या लठ्ठ घोडीला हरभरा आणि गुळाची गरज नसते. आठ-दहा दिवसांत तोबरा हळूहळू हलका करत न्या.

गवत किती द्यायचं?

वजनकाटा नसला तरी टेपने अंदाज येतो. पुढच्या पायांमागून छातीचा घेर आणि खांद्यापासून पुठ्ठ्यापर्यंतची लांबी सेंटीमीटरमध्ये मोजा. घेर गुणिले घेर गुणिले लांबी, भागिले 11,880 म्हणजे किलोमधलं वजन. घेर 160 आणि लांबी 140 असेल, तर वजन साधारण 300 किलो.

वजन उतरवताना रोज शरीराच्या दीड टक्का कोरडा चारा द्यावा. 300 किलोच्या घोडीला हे सुमारे 5 किलो वाळलेलं गवत झालं. ते तीन-चार वेळा विभागून, बारीक भोकांच्या जाळीत द्या. यापेक्षा कमी द्यायचं असेल तर डॉक्टरांना विचारूनच.

गवत भिजवून द्या

दमा आणि वजन, दोन्हींवर चालणारा हा स्वस्त उपाय आहे. 10 ते 30 मिनिटं पाण्यात बुडवलं की धूळ बसते. जास्त वेळ भिजवलं तर गवतातली साखरही पाण्यात उतरते. पण आपल्याकडच्या उकाड्यात भिजलेलं गवत लवकर आंबतं, म्हणून रात्रभर ठेवू नका. तास-दीड तास पुरे.

- गवत भिजवण्याआधी मोजा, नंतर पाण्याचं वजन धरलं जातं.
- दर वेळी ताजं पाणी घ्या. उरलेलं पाणी घोडीला पाजू नका.
- एका वेळी संपेल एवढंच भिजवा, उरलेलं टाकून द्या.
- पाण्यासोबत क्षारही जातात, म्हणून डॉक्टरांच्या सल्ल्याने खनिज मिश्रण द्या.

काळं पडलेलं किंवा कुबट वासाचं गवत भिजवूनही खायला घालू नका. ओलं केल्याने धूळ बसते, बुरशीचं विष जात नाही.

तबेल्यातही बदल हवा

गवताच्या गंजीशेजारी घोडी बांधू नका. गठ्ठे जमिनीवर न ठेवता फळ्यांवर रचा. झाडू मारताना घोडीला बाहेर काढा. लघवीने भिजलेला भुसा रोज बदला, कारण त्यातला अमोनिया श्वासनलिकेला झोंबतो. पावसाळ्यात ताडपत्रीने तबेला चारही बाजूंनी बंद करू नका, हवा खेळती राहू द्या.

औषधाचं काय?

दम्यावर स्टिरॉइड वापरतात. पण लठ्ठ घोड्यात त्यामुळे खुरांना सूज येऊन तो कायमचा लंगडा होण्याचा धोका असतो. म्हणून मनाने इंजेक्शन देऊ नका. जवळच्या सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यात जा. गरज पडल्यास परळचं मुंबई पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे, ते 1886 पासून सुरू आहे.

आजारी जनावराला कामाला लावणं हा 1960 च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यानुसार गुन्हा आहे. त्यामुळे वरातीसाठी घोडी ठरवताना तिचा श्वास एक मिनिट मोजून बघा. उभ्या जागी धापा टाकणारी घोडी वरातीला नेऊ नका.