मधला लॉग गायब

डिसेंबर २०२४ मध्ये आमच्या धाराशिवच्या येडशी-रामलिंग अभयारण्यातल्या कॅमेऱ्यात चक्क वाघ आला! पट्टे जुळवल्यावर कळलं, पठ्ठ्या यवतमाळच्या टिपेश्वरचा. म्हणजे साडेचारशे-पाचशे किलोमीटर चालून आलेला. पण गळ्यात रेडिओ कॉलर नव्हती. पहिली एन्ट्री आहे, शेवटची आहे, मधला लॉगच नाही.

कॉलरची कल्पना तशी जुनी. यलोस्टोनमध्ये क्रेगहेड बंधूंनी १९६१ पासून ग्रिझली अस्वलांना कॉलर घातल्या आणि त्यांच्या हिवाळी गुहांपर्यंत माग काढला. टिपेश्वरच्याच दुसऱ्या एका वाघाला फेब्रुवारी २०१९ मध्ये कॉलर लावली होती. तो तेलंगणातून फिरत बुलढाण्याच्या ज्ञानगंगेत पोचला. चाल ३००० किलोमीटरच्या वर, जीपीएस नोंदी ५००० च्या वर! शेतं, रस्ते कुठे ओलांडले ते सगळं नकाशावर उतरलं.

येडशीच्या वाघालाही २०२५ च्या सुरुवातीला बेशुद्ध करून कॉलर घालायचा प्रयत्न झाला, पण तेव्हा तो हाती लागला नाही. आणि लागला असता तरी आलेली वाट थोडीच कळणार होती? तीच वाट पुढच्या वाघासाठी मोकळी ठेवायची, तर नेमकी कुठली ठेवायची? असो.