जुना किंग, नवा किंग

स्टीफन किंगच्या कादंबऱ्यांची ‘आधीच्या’ आणि ‘नंतरच्या’ अशी वाटणी करण्याची सवय त्याच्या वाचकांना फार लवकर लागली. ‘कॅरी’ १९७४ मध्ये आली, ‘सालेम्स लॉट’ १९७५ मध्ये, ‘द शायनिंग’ १९७७ मध्ये आणि ‘द स्टँड’ १९७८ मध्ये. या चार पुस्तकांनी भयकथा जुनाट वाड्यांतून आणि कबरस्तानांतून बाहेर काढली आणि शाळेच्या वर्गात, गावच्या दुकानात, नवरा-बायकोच्या भांडणात आणून बसवली. मराठी वाचकालाही हा किंग ओळखीचा आहे, कारण नारायण धारपांची ‘लुचाई’ ‘सालेम्स लॉट’वरच बेतलेली आहे. पुढचे प्रत्येक पुस्तक या चौघांच्या शेजारी ठेवून पाहिले जाऊ लागले. मात्र ‘नंतरचा किंग’ नेमका कुठे सुरू होतो, ती रेघ वाचकांनी वेळोवेळी पुसून पुढे नेली.

शेजारी ठेवून वाचण्याची ही सवय किती तयारीची होती, हे १९८५ मध्ये दिसले. १९७७ पासून किंग रिचर्ड बॅकमन या टोपणनावानेही लिहीत होता, कारण एकाच लेखकाची वर्षाला एकाहून जास्त पुस्तके बाजार पचवणार नाही असे तेव्हाच्या प्रकाशन व्यवसायात मानले जाई. १९८४ च्या अखेरीस बॅकमनची ‘थिनर’ वाचताना वॉशिंग्टनमधील पुस्तकाच्या दुकानात काम करणाऱ्या एका वाचकाला वाक्यांची चाल ओळखीची वाटली. त्याने लायब्ररी ऑफ काँग्रेसमधल्या कॉपीराइटच्या नोंदी तपासल्या आणि बॅकमनच्या एका जुन्या पुस्तकापुढे त्याला किंगचे नाव सापडले. गुपित फुटण्याआधी ‘थिनर’च्या सुमारे २८,००० प्रती खपल्या होत्या, नंतर खप दहापट झाला.

याच काळात वाचकांची नाराजीही पहिल्यांदा मोठ्याने ऐकू आली. ‘द आइज ऑफ द ड्रॅगन’ ही राजा, राजपुत्र आणि मांत्रिकाची गोष्ट होती. भीतीसाठी पुस्तक उघडणाऱ्या अनेकांना ती रुचली नाही. ‘मिझरी’ (१९८७) मागच्या प्रेरणांपैकी ही नाराजी एक होती. त्या कादंबरीतला लेखक पॉल शेल्डन आपल्या लोकप्रिय मालिकेतली नायिका मारून टाकतो आणि अगदी वेगळे पुस्तक लिहितो. अपघातात पाय मोडून तो ॲनी विल्क्स या निस्सीम चाहतीच्या घरी अडकतो. ती त्याच्या वेदनाशामक गोळ्या रोखून धरते आणि नव्या पुस्तकाचे हस्तलिखित त्याच्याच हाताने जाळायला लावते. त्याची दुसरी प्रत नसते. लेखकाने बदलूच नये असे वाटणारा वाचक किती भयंकर होऊ शकतो, हे याहून थेट कुणी लिहिलेले नाही.

१९८० च्या दशकाच्या अखेरीस पत्नी टॅबिथा आणि घरच्यांनी समोर बसवून जाब विचारल्यावर किंगने दारू आणि अमली पदार्थ सोडले. पुढची पुस्तके वेगळी निघाली. ‘जेराल्ड्स गेम’ आणि ‘डोलोरेस क्लेबोर्न’ (दोन्ही १९९२) यांत भूतपिशाच्च जवळजवळ नाही. भीती आहे ती बापाची आणि नवऱ्याची. अनेक वाचकांनी रेघ इथे ओढली. मग १९ जून १९९९ रोजी मेन राज्यातील लव्हेलजवळ रस्त्याकडेने चालत असताना किंगला व्हॅनने उडवले, आणि रेघ पुन्हा सरकली. बसणे अवघड झाल्याने ‘ड्रीमकॅचर’ (२००१) त्याने हाताने लिहिली. दुखणाऱ्या शरीराची ती कादंबरी आहे आणि पसरटही आहे. खुद्द किंगलाही ती पुढे आवडेनाशी झाली. ‘डार्क टॉवर’ मालिकेच्या २००३-०४ मधल्या अखेरच्या भागांत तो स्वतः पात्र म्हणून येतो, अपघातासकट. हे धाडस होते की अतिरेक, यावर वाचकांचे अजून जमत नाही.

त्यानंतर काळाच्या रेघेचाच भरवसा उरला नाही. ‘अंडर द डोम’ (२००९) त्याने १९७० च्या दशकात सुरू करून सोडून दिली होती. केनेडींचा खून टाळायला भूतकाळात जाणाऱ्या माणसाची ‘११/२२/६३’ (२०११) ही कल्पनाही त्याच दशकातली. कल्पना तरुणपणच्या आणि लेखणी साठी ओलांडलेली, मग अशी पुस्तके कुठल्या खात्यात टाकायची?

तुलनेला सर्वांत सकस जोडी ‘द शायनिंग’ आणि तिच्यानंतर ३६ वर्षांनी आलेली ‘डॉक्टर स्लीप’ (२०१३). पहिलीतला जॅक टॉरन्स दारूने पोखरलेला लेखक आणि बाप आहे. ती लिहिताना आपण स्वतःबद्दलच लिहीत आहोत हे तेव्हा उमगले नाही, असे किंगने पुढे सांगितले. दुसरीत जॅकचा मुलगा डॅन मोठा होऊन स्वतः दारुडा झालेला आहे. पुस्तकाच्या सुरुवातीलाच तो एका परक्या बाईच्या घरात जागा होतो, तिच्या पाकिटातले पैसे उचलतो, आणि तेवढ्यात भिजलेल्या लंगोटातले तिचे लहानगे मूल टेबलावरच्या कोकेनला गोड खाऊ समजून हात घालते. डॅन ते मुलाच्या हाताला लागणार नाही असे ठेवतो, पैसे मात्र परत ठेवत नाही. पुढे दारू सोडल्यावर तो मरणासन्न रुग्णांच्या शुश्रूषागृहात काम करतो. तिथले मांजर ज्याच्या पलंगावर जाऊन बसते त्याची घटका भरत आलेली असते, आणि डॅन त्या माणसाचा हात धरून बसतो. अतींद्रिय शक्ती असलेल्या मुलांचे सत्त्व शोषणारी टोळी या पुस्तकात आहे, पण ‘द शायनिंग’मधल्या ओव्हरलुक हॉटेलसारखी ती अंगावर येत नाही. ‘नवा किंग घाबरवत नाही’ ही तक्रार इथे खरी आहे. तरी चोरलेल्या त्या पैशांची लाज शेवटपर्यंत वाचकाची पाठ सोडत नाही, आणि अशी लाज पहिल्या पुस्तकात नव्हती.

२०१४ च्या ‘मिस्टर मर्सिडीज’पासून किंग गुन्हेकथेकडे वळला. त्या कादंबरीला एडगर पुरस्कार मिळाला. तिच्यात दुय्यम पात्र म्हणून आलेली बुजरी हॉली गिबनी पुढे पुस्तकामागून पुस्तकात परतत राहिली. काहींना ती घरची वाटते, काहींना नको इतकी झाली आहे.

२०२४ च्या ‘यू लाइक इट डार्कर’ या संग्रहात ‘रॅटलस्नेक्स’ ही कथा ‘कुजो’ (१९८१) मधल्या पोटचा मुलगा गमावलेल्या बापाला म्हातारपणी भेटते. ‘कुजो’ लिहिल्याचे दारूमुळे आपल्याला जेमतेम आठवते, असे किंगनेच नोंदवले आहे. त्याच संग्रहातल्या ‘द आन्सर मॅन’ची पहिली काही पाने त्याने तिशीच्या सुमारास लिहून बाजूला ठेवली होती. पुतण्याला ती सापडली, आणि पंचाहत्तरीच्या आसपास किंगने कथा पुरी केली.