लिनक्ससीएनसी

लेथ, मिलिंग मशीन, लाकडावर नक्षी कोरणारा राऊटर किंवा पत्रा कापणारा प्लाझ्मा कटर साध्या संगणकावरून चालवणारी मुक्त प्रणाली. अमेरिकेच्या राष्ट्रीय मानके व तंत्रज्ञान संस्थेत १९९० च्या दशकात ती ‘एन्हान्स्ड मशीन कंट्रोलर’ या नावाने घडली. सरकारी काम असल्याने तिच्यावर कोणाची मालकी नव्हती. पुढे ‘ईएमसी’ ही आद्याक्षरे त्याच नावाच्या बड्या कंपनीच्या व्यापारचिन्हाला भिडली आणि २०११ मध्ये सध्याचे नाव आले.

यंत्राला संगणकाचा वेग फारसा लागत नाही, वक्तशीरपणा लागतो. २०० पावलांची स्टेपर मोटर, ड्रायव्हरवर एका पावलाचे आठ भाग आणि ५ मिमी पिचचा बॉलस्क्रू घेतला, तर एका मिलिमीटरला ३२० स्पंद पडतात. मिनिटाला ३,००० मिमी सरकायचे, तर सेकंदाला १६,००० स्पंद, म्हणजे दर ६२.५ मायक्रोसेकंदांना एक. मधेच संगणक माउसकडे नाहीतर हार्ड डिस्ककडे वळला आणि शंभर मायक्रोसेकंद उशीर झाला, तर मोटर अडखळते आणि काप बिघडतो. नेहमीच्या विंडोजला किंवा साध्या लिनक्सला असा उशीर चालतो, मशीनला चालत नाही.

म्हणून निवड करायची ती कर्नलची, म्हणजे प्रणालीच्या गाभ्याची. डेस्कटॉप कसा दिसतो हा प्रश्न नंतरचा. पूर्वी यासाठी ‘आरटीएआय’ नावाचा वेगळा कर्नल घालावा लागे. आता बहुतेक ठिकाणी ‘प्रीएम्प्ट-आरटी’ चालतो. वीस वर्षे बाहेरून ठिगळासारखी जोडली जाणारी ही सोय २०२४ मध्ये लिनक्स ६.१२ च्या मुख्य कर्नलमध्ये दाखल झाली. डेबियन १२ मध्ये लिनक्ससीएनसी भांडारातूनच मिळते, शिवाय प्रकल्पाची स्वतःची, डेबियनवर आधारलेली आयएसओ प्रतिमा आहे. नवख्याने तीच घ्यावी. सी-डॅकची ‘बॉस’ लिनक्सही डेबियनवरचीच आहे आणि मराठीत वापरता येते, पण ती कचेरीच्या कामासाठी आहे.

प्रतिमा पेनड्राइव्हवर घालून संगणक त्यावरूनच सुरू करता येतो. हार्ड डिस्कला हात लावण्याआधी ‘लेटन्सी टेस्ट’, म्हणजे उशीर मोजणारी चाचणी, लावावी: खिडक्या इकडेतिकडे ओढाव्यात, मोठ्या फाइली कॉपी कराव्यात, त्रिमितीय चित्र फिरत ठेवावे आणि निदान अर्धा तास थांबावे. सर्वांत वाईट आकडा १५–२० मायक्रोसेकंदांच्या आत राहिला, तर पॅरलल पोर्टवरून स्टेपर उत्तम चालतात. ३० ते ५० पर्यंत काम भागते, वेग मात्र घटतो. शंभरच्या पुढे गेला, तर स्पंद तयार करणारे ‘मेसा’सारखे वेगळे कार्ड घ्यावे. बायोसमधील वीजबचतीचे पर्याय आणि हायपरथ्रेडिंग बंद केल्याने आकडा पुष्कळदा उतरतो. लॅपटॉप इथे सहसा नापास होतो, आणि यूएसबीवरून पॅरलल पोर्ट काढणारी वायर स्पंदांच्या कामाला निरुपयोगी. उलट कचेरीतून भंगारात निघालेला, खराखुरा पॅरलल पोर्ट असलेला जुना डेस्कटॉप सहज बाजी मारतो!

धाराशिव जिल्ह्यात, म्हणजे २०२३ पर्यंतच्या उस्मानाबादेत, ही गोष्ट कामाची आहे. सोलापूर–हैदराबाद महामार्गावर नळदुर्ग किंवा उमरग्याला गेट-ग्रिलचे दुकान टाकणाऱ्याला तयार कंट्रोलरची किंमत जड जाते, पण जुना संगणक आणि फुकटची प्रणाली परवडते. मात्र शिकणे आणि वायरिंग त्याच्याच अंगावर पडते. नेट कच्चे असेल तर सगळे आधीच पेनड्राइव्हवर उतरवून घ्यावे. एकदा नीट बसल्यावर आपोआप होणारे अपडेट बंद ठेवावेत, कारण नव्या कर्नलबरोबर लेटन्सीचा आकडाही बदलू शकतो.

भरीला लाईटचा प्रश्न. संगणक यूपीएसवर आणि मोटारींचा पुरवठा थेट मेनवर असेल, तर लाईट गेल्यावर पडदा चालू राहतो आणि मोटारी ढिल्या पडतात. बंद लूप (जागा परत कळवणारी सोय) नसलेल्या स्टेपरची जागा सरकली, तरी संगणकाला त्याचा पत्ता नसतो. पडद्यावरचे आकडे पूर्वीचेच दिसतात. लाईट आल्यावर होमिंग (अक्ष मूळ जागी नेणे) करूनच तुटलेल्या ओळीपासून काम पुढे न्यावे. इमर्जन्सी स्टॉपचे लाल बटण संगणकाच्या भरवशावर न ठेवता थेट काँटॅक्टरच्या तारेत घालावे, म्हणजे प्रणाली गोठली तरी मोटारींचा पुरवठा तुटतो.